अलमेलूमामींचा तवा

कोपर, डोंबिवली पश्चिम
शुक्रवार, दुपार

प्रिय शीला,

तिसराही डोसा चिकटला. उलथनं कडेने घातलं, आत सरकवलं, तर मधला भाग तव्यावरच राहिला आणि कडा गोळा होऊन वर आली. गॅस बंद केला. तव्यावर पाणी मारलं, खरवडलं, पुन्हा तेल लावलं, काट्याला खोचलेला अर्धा कांदा फिरवला, तू फिरवायचीस तसा. चौथा घालण्याइतकं पीठ उरलं आहे, पण आधी तुला लिहितो. हात तेलकट आहेत, कागदावर डाग पडतील. उद्या सकाळी नऊला शौनक तवा न्यायला येणार आहे. त्याच्या बॅगेत एकाच तव्याची जागा आहे आणि माझ्यासमोर ओट्यावर दोन तवे आहेत.

हे फोनवर सांगता आलं नसतं. फोन नेहमी संचिताच्या हातात, स्पीकर चालू, मागे बाळ रडतंय, जावईबापू कुठून तरी ओरडून विचारतात, बाबा, जेवलात का, आणि मी जेवलो म्हणतो. अडतीस वर्षांत मी तुला एकही पत्र लिहिलेलं नाही. तू माहेरी जायचीस ती पुलापलीकडे पूर्वेला, संध्याकाळी परत यायचीस. आता लेकीच्या बाळंतपणासाठी इंग्लंडला, रेडिंगला गेलीस त्याला चार महिने झाले. तीन महिन्यांचं ठरलं होतं. गेल्या आठवड्यात तू म्हणालीस, अहो, संचिताच्या वर्गातला शौनक सुट्टीवर आलाय तिकडे, परत येताना त्याच्याजवळ मामींचा तवा तेवढा द्या. मी हो म्हटलं. कशाला हवा, कुणाच्या घरी हवा, तिथे तवे मिळत नाहीत का, यातलं काही विचारलं नाही. माणूस पाहुणं म्हणून जातं तेव्हा कपडे नेतं. तवा मागवत नाही.

तवा आपल्या घरी कसा आला ते तुला माहीत आहे. त्या दिवशी मला काय दिसलं ते तुला माहीत नाही. आपल्या लग्नाच्या पंगतीत सेतू जिलेबी वाढत होता. शेजारच्या अलमेलूमामींचा सेतुरामन, लहानपणापासून घरच्यासारखाच, एवढं मला कुणीतरी सांगितलं. पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. सगळ्यांना तो आग्रह करत होता. माझ्या पानात त्याने न विचारता दोन टाकल्या. तुझ्या पानाशी आला तेव्हाही विचारलं नाही. एकच उचलली, ताटाच्या कडेला धरून तिचा पाक निथळू दिला आणि मग वाढली. तू मान वर केली नाहीस, करायची गरजच नव्हती. तुला गोड फार चालत नाही हे मला त्या दिवशी कळलं, आणि ते त्याच्याकडून कळलं.

मग मामी आल्या. तमिळ वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड त्यांनी तुझ्या हातात दिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जावईबापू, याच्यावर चपाती नाही करायची. मासा तर नाहीच नाही. केलात तर तवा तुमच्याशी बोलणार नाही." सगळे हसले. तुझी आई म्हणाली, अगंबाई मामी, हा तर सुनेसाठी ठेवला होतात ना? मामी म्हणाल्या, "ठेवला होता." तुझ्या आईने लगेच पाहुण्यांना पान-सुपारी द्यायला सुरुवात केली. मी मामींच्या त्या दोन शब्दांवर बरीच वर्षं काढली. कधी वाटायचं, तो नकार होता. कधी वाटायचं, तो होकार होता, फक्त उशिरा आलेला. सेतू त्याच वर्षी मस्कतला गेला आणि तिथून पुढे इंग्लंडला. मी तुला काही विचारलं नाही. तूही काही सांगितलं नाहीस. विचारलं असतं तर सांगितलं असतंस का, हे मी आजही विचारत नाही.

दर रविवारी तो तवा खाली निघायचा. बिडाचा, जाड, दोन बाजूंना दोन कान. आठवडाभर तो फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर असायचा, सोवळ्यातल्या वस्तूसारखा. आपल्या घरात मासळी शिजते, पण त्या तव्याला तू कधी तिचा वास लागू दिला नाहीस. शनिवारी तांदूळ, उडीद आणि चिमूटभर मेथी भिजायची, रात्रभर पीठ फुगायचं, आणि सकाळी तव्यावर पाण्याचा शिपका मारलास की तो चर्र आवाज मला हॉलमध्ये ऐकू यायचा. सोमवार ते शनिवार तू पोळ्या लाटताना गप्प असायचीस. रविवारी त्या तव्यापाशी गुणगुणायचीस. शब्द नसायचे, नुसता सूर, खाली येऊन पुन्हा वर जाणारा. मी पेपर तोंडासमोर धरून ऐकायचो. तू दार ढकलून आत आलीस की पान उलटायचो.

मी सांबार कधी खाल्लं नाही, हे तुझ्या लक्षात असेलच. डोशाबरोबर आमटी मागायचो. गोड्या मसाल्याची, आमसूल घातलेली, आमच्या लांज्याच्या घरी होते तशी. तू एकाही रविवारी कुरकुर केली नाहीस. दोन पातेली चढवलीस, एक तुझं आणि संचिताचं, एक माझं. ती सहा-सात वर्षांची असताना एकदा म्हणाली, "बाबा, तुम्ही डोसे नऊ खाता आणि तोंड काढा प्यायल्यासारखं करता." तू खळखळून हसलीस. मी म्हटलं, भूक लागली होती. तू कधी कधी विचारायचीस, कसा झालाय? मी म्हणायचो, ठीक. कारखान्यात जॉब मापात बसला की आम्ही एवढंच म्हणतो. पण तुझा डोसा मापात बसणाऱ्या जॉबसारखा नव्हता हे मला तेव्हाही माहीत होतं. चांगला म्हटलं असतं तर ते तुला मिळालं असतं की मामींना, की आणखी कुणाला, याचा माझा हिशोब लागायचा नाही. म्हणून ठीक.

मामी गेल्या त्या वर्षी सेतू आला होता. सगळे विधी उरकल्यावर तो आपल्याकडे जेवायला आला. केस पिकलेले, बायको दोन वर्षांपूर्वीच गेलेली. मी त्याला हॉलमध्ये बसवलं, तर तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि फ्रिजला टेकून उभा राहिला, लहानपणी तुमच्या घरात उभा राहत असेल तसा. तू डोसे केलेस. त्याने उभ्यानेच खाल्ले. नंतर तवा निवल्यावर त्याने त्यावर पालथा पंजा ठेवला, मग तो पंजा नाकापाशी नेला आणि तमिळमध्ये काहीतरी म्हणाला. तू तमिळमध्ये उत्तर दिलंस. एखादा शब्द नव्हे, चार-पाच वाक्यं, भराभर, हात हलवत. सव्वीस वर्षं संसार केल्यावर मला कळलं की माझ्या बायकोला एक अख्खी भाषा येते. मी हॉलमध्ये जाऊन टीव्ही लावला. आवाज मोठा होता, ते तुला आठवत असेल. तो गेल्यावर विचारलं, काय म्हणत होता? तू ओटा पुसत म्हणालीस, "काही नाही, तवा चांगला ठेवलाय म्हणाला." त्याच्या तोंडून दोनदा आलेले दोन शब्द मी खिशातल्या वहीत उतरवून ठेवले होते. त्या वहीत मी मापं लिहायचो. कै मणम. खाली तारीख.

आता या एप्रिलचं. चौदा तारखेला संचिताने फोटो पाठवला. सेतूअंकलकडे तमिळ नववर्षाचं जेवण, असं वर लिहिलं होतं. तो रेडिंगलाच राहतो हे मला त्या फोटोवरून कळलं. तू ते सांगितलं नव्हतंस. कदाचित सांगण्यासारखं काही नसेल म्हणून, कदाचित असेल म्हणून. लांब टेबलावर केळीची पानं मांडलेली, तिथे कुठून आणली असतील देव जाणे. पानावर वरच्या बाजूला चटणी, लोणचं, भाज्या, मध्ये भात आणि त्यात सांबारासाठी केलेलं आळं. सेतू पांढऱ्या लुंगीत, संचिता बाळाला मांडीवर घेऊन. मी बोटांनी फोटो मोठा केला. मागच्या बाजूला त्याच्या स्वयंपाकघरात तू शेगडीपाशी उभी होतीस. साडीवरून एप्रन बांधलेला, पाठीमागे नाडीची गाठ. ती गाठ तुझा हात पाठीमागे पोचून बांधता येईल अशी होती का, हे मी किती वेळ बघत बसलो ते सांगायची लाज वाटते. तू हसत होतीस. तोंडावर हात न धरता. तो पुढचा दात पडल्यापासून तू फोटोत हात न धरता हसलेली नाहीस. फोटोखाली संचिताने लिहिलं होतं, आईच्या हातचा डोसा खाऊन अंकल रडले. मीही तुझ्या हातचे डोसे अडतीस वर्षं खाल्ले. मी रडलो असतो तर तू काय केलं असतंस, कुणास ठाऊक. त्याच आठवड्यात तिकीट पुढे गेलं. बाळ लहान आहे, जुलैचं बघू, म्हणालीस.

दुसऱ्या दिवशी मी मामींचा तवा फळीवरून काढला आणि त्यावर चपात्या केल्या. सात. वाटलं, काहीतरी होईल. काही झालं नाही. चपात्या चांगल्या फुगल्या. त्याचाच मला राग आला. त्याच्या दुसऱ्या दिवशी मोठागावची बायजा टोपली घेऊन दारात आली. तिच्याकडून बोंबील घेतले, तिच्याकडूनच साफ करून घेतले. ती मोरीत हात धुवायला आत आली आणि तिने शेगडीवर तवा बघितला. "काय वो काका, ह्यो तं काकीचा सोवल्याचा तवा ना? मना कवा हात लावाला देत नाय ती." मी तिच्याकडे न बघता तेल सोडलं. तिने टोपली उचलली, दारापर्यंत गेली, मागे वळून म्हणाली, "काकी आली का तुमचं काय खरं नाय." मी रवा लावून बोंबील तळले आणि सगळे खाल्ले. चव लागली नाही. तुझ्याशी भांडता येत नव्हतं, त्याच्याशी भांडायला कारण नव्हतं, मेलेल्या म्हातारीशी भांडलो. तिने मला एकच गोष्ट सांगितली होती.

वास मग गेला नाही. साबण लावला, सोडा लावला, चिंच लावली, राख लावली. तवा गार असताना वास नसायचा. तापला की बोंबील. त्या काळ्या थरात तो मुरून बसला होता. पीठ विकत आणून एक डोसा घातला, तो सुटला छान, पण तोंडाशी नेववेना. तेव्हा मी जे केलं ते दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. पिशवीत तवा घातला आणि वागळे इस्टेटला जुन्या कारखान्यात गेलो. माझ्या हाताखाली तयार झालेला राघो आता तिथे लेथवर मुख्य आहे. त्याने पिशवीत डोकावून बघितलं. "मास्तर, हे काय? वहिनींनी घरातून काढलं की काय तुम्हाला?" मी म्हटलं, वहिनी इंग्लंडला आहे. "मग बरोबर," तो म्हणाला आणि तवा लेथवर चढवला.

पहिल्या कटाला काळा चुरा पडला, कोरडा, काजळीसारखा. दुसऱ्या कटाला बीड उघडं पडलं, करडं. तिसऱ्याला चमकलं. मग त्याने पॉलिश पेपर फिरवला आणि माझ्यासमोर धरला. "घ्या, दाढी करा याच्यात." मला माझं तोंड दिसलं. खरं लिहितो, तेव्हा मला बरं वाटलं, आणि ते वास गेला म्हणून नव्हे. तो काळा थर मामींनी धरवलेला होता, त्यावर शाळेत जायच्या आधी सेतूचा नाश्ता झालेला होता, पुढे तुझा हात फिरला होता. आता त्यावर कुणीच नव्हतं. राघोने ब्रशने चुरा लोटला आणि भंगाराच्या डब्यात टाकला. मी समोर उभा होतो. नको म्हणालो नाही.

चाळीस वर्षं लोखंडात काढलेल्या माणसाची समजूत अशी होती की पृष्ठभाग जितका गुळगुळीत तितका डोसा लवकर सुटेल. घरी येऊन घातला. तो कागद खळीने चिकटावा तसा चिकटला. संध्याकाळपर्यंत तव्यावर तांबूस गंज धरला. त्यानंतर दोन आठवड्यांनी तुझा फोन आला, मामींचा तवा तेवढा द्या.

तेव्हापासून, खरं तर त्याच्या आधीपासून, रोज तेच चालू आहे. तेल, धूर, कांदा, भाताची पेज, पुन्हा तेल. शेजारची पोरं जिन्यात खोकतात. पूर्वेला बाजारात तमिळ भांड्यांचं एक दुकान आहे. तिथल्या म्हाताऱ्या मालकाला तवा दाखवला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, आत स्वतःचं तोंड बघितलं आणि विचारलं, "हे कोणी केलं?" मी म्हटलं, एका कामगाराने. "त्याला कामावर ठेवू नका." मी म्हटलं, तो निवृत्त झालाय. किती दिवसांत पूर्वीसारखा होईल विचारलं तर म्हणाले, "रोज केलं तर एक वर्ष. घरच्या बाईने केलं तर लवकर होतो. बाई कुठाय?" मी तवा पिशवीत घातला. निघताना मात्र बारा वर्षांपूर्वी वहीत लिहिलेले ते दोन शब्द विचारले. ते हसले. "कै मणम? हाताचा वास. म्हणजे चव हो. तांदूळ तोच, उडीद तोच, तरी एखाद्याच्याच हाताला असतो. तव्यात राहतो तो." म्हणजे तू मला खोटं सांगितलं नव्हतंस. अर्धं सांगितलं होतंस. त्या दिवशी त्याने पंजा नाकापाशी नेला तेव्हा त्याला आईच्या हाताचा वास आला की तुझ्या, हे त्या दुकानदाराला विचारता येण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या तव्याचं सांगायचं राहिलं. सोमवारी कल्याणच्या जुन्या बाजारात गेलो आणि दिवसभर हिंडून एक बिडाचा तवा मिळवला. तेवढाच, तसेच दोन कान, कुणातरी बाईने वर्षानुवर्षं वापरलेला, काळाभोर. त्यावर डोसा घातला की कागदासारखा सुटतो. फरक एकच होता. मामींच्या तव्याच्या एका कानावर पंचने ठोकलेलं तमिळ अक्षर आहे, ठिपक्याठिपक्यांचं. मी घरच्या हत्यारांच्या पेटीतून पंच काढला, अकरा ठिपके मोजले आणि दुसऱ्या तव्याच्या कानावर तसेच ठोकले. वर मीठ-लिंबू चोळून ते जुने केले. आता दोन्ही शेजारी ठेवले तर तुला बाजारातला तवा मामींचा वाटेल आणि मामींचा तवा कुठल्या तरी दुकानातला. सेतूही फसेल. तव्यावर पंजा ठेवेल, नाकापाशी नेईल आणि डोळे मिटून कै मणम म्हणेल. कल्याणातल्या कुणा अनोळखी बाईच्या हाताचा. हे मनात आलं तेव्हा मी या ओट्यापाशी एकटाच मोठ्याने हसलो. मग हसू गेलं, कारण डोळे मिटून उभं राहिलेल्या त्या माणसाच्या शेजारी, त्याच स्वयंपाकघरात, तू मला दिसलीस, आणि तूही फसलेली होतीस.

तेव्हा उद्याचं सोपं आहे. खोटा तवा द्यायचा असेल तर हे पत्र फाडावं लागेल. खरा द्यायचा असेल तर पत्राशिवाय देता येणार नाही. हे तुझ्या हातात पडलं असेल तर कोणता आला ते तुला कळलंच. लिहायला बसलो ते माफी मागायला, असं मला वाटत होतं. बोंबलांची मागतो, लेथची मागतो. पण माफी एका पानात झाली असती. तव्याची मला भीती वाटते, शीला. संचिताच्या घरी तुझ्या साड्या आहेत, चष्मा आहे, गोळ्या आहेत. इथे तुझं असं म्हणायला तो एक तवा उरलाय. तो मी कधी माझा मानला नाही, आणि आता तोही तू मागवलास. काल मी जुलैची तारीख विचारली. तू बघू म्हणालीस, मागून संचिता हसली, तू फोन तिच्याकडे दिलास. मला त्या हसण्याचा अर्थ लागला नाही. तू तिथे राहणार असलीस तर तसं सांग, मी टीव्हीचा आवाज वाढवणार नाही. नसलीस तर या तव्याला एक वर्ष लागतं, मी त्यातले तीन आठवडे केले आहेत, बाकीचे मला जमणार नाहीत. तू परत ये. एवढं लिहायला मला इतके कागद लागले.

तुझाच,
उत्तम

शनिवार, सकाळ. शौनक नऊला आला. चहाबरोबर त्याला बाजारातल्या तव्यावर डोसे करून दिले, त्याने पाच खाल्ले. म्हणाला, "काका, एकदम काकूंसारखे झालेत." मी म्हटलं, नाही, शीलाचे चांगले होतात. दुसऱ्या माणसासमोर हे वाक्य मी पहिल्यांदाच बोललो, म्हणून नोंद करतो. मामींचा तवा फडक्यात गुंडाळून त्याच्या बॅगेत ठेवला आहे. तो जिन्याशी उभा आहे. कागदांची घडी घालतो.

उ.